‘वन लिट्ल फिंगर’ आणि वर्गातील ऐकणारा : पूरक व पर्यायी संप्रेषणाच्या संदर्भात एक समीक्षा

प्रस्तावना

मराठीत ‘मूकबधिर’ हा समास इतका घट्ट झाला आहे की, जे मूल ऐकते, ऐकलेले समजते, परंतु ज्याच्या तोंडून स्पष्ट उच्चार उमटत नाहीत, त्याला ओळखण्यासाठी व्यवहारात वेगळा शब्दच उरलेला नाही. नागपुरात शंकरनगरचे मूकबधिर विद्यालय लोकांना ठाऊक आहे. मातृसेवा संघाची ‘नंदनवन’ ही बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची शाळाही ठाऊक आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे जीभ, ओठ आणि श्वास यांवर ताबा नसलेले मूल मात्र या दोन्ही ओळखींच्या मधल्या जागेत अडकते. ते बधिर नसते आणि त्याची बुद्धी मंद असेलच असेही नाही. तरीही शाळेत दाखल होताना त्याला बहुधा यांपैकी एका खणात घातले जाते. न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत, हा बाजारातील अनुभव मराठी म्हणीने नोंदवून ठेवला आहे. शाळेचा वर्ग या बाबतीत बाजारापेक्षा फारसा निराळा नाही.

अशा मुलांसाठी हातवारे, नजर, चित्रांचा तक्ता, अक्षरफलक, बोलणारे यंत्र अशी जी साधने व पद्धती वापरल्या जातात, त्यांना एकत्रितपणे ‘ऑगमेंटेटिव्ह अँड अल्टरनेटिव्ह कम्युनिकेशन’, संक्षेपाने एएसी, असे म्हटले जाते. मराठीत ‘पूरक व पर्यायी संप्रेषण’ हा प्रतिशब्द पुरेसा आहे. बोलणे थोडेफार असेल तर ते पूरक आणि मुळीच नसेल तर ते पर्यायी. या विषयावरील बहुतेक लेखन साधनांविषयी असते. प्रस्तुत लेखात मालिनी चिब यांच्या ‘वन लिट्ल फिंगर’ या इंग्रजी आत्मकथनाच्या आधारे साधनापलीकडे असलेल्या व्यक्तीचा, म्हणजे शाळेत त्या मुलासमोर बसणाऱ्या शिक्षकाचा, विशेष शिक्षकाचा आणि वाचा-उपचारतज्ज्ञाचा विचार केला आहे.

ग्रंथ आणि त्याचे प्रचलित वाचन

‘वन लिट्ल फिंगर’ हा ग्रंथ सेज पब्लिकेशन्सने २०११ साली प्रकाशित केला. लेखिकेचा जन्म १९६६ चा. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. हालचालींवर मर्यादा आणि उच्चार अस्पष्ट. त्यांच्या मातोश्री मिथू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभी केली. अभिनेत्री नर्गिस दत्त या तिच्या पहिल्या आश्रयदात्या होत. पुढे ही संस्था ‘अडॅप्ट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मालिनी चिब यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी घेतली, लंडनमध्ये स्त्री-पुरुष अभ्यास व माहिती व्यवस्थापन या दोन विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि मुंबईतील ऑक्सफर्ड बुकस्टोर या ग्रंथदालनात नोकरी केली. हे सारे लेखन त्यांनी ज्या एका बोटाने टंकित केले, त्याचेच नाव ग्रंथाला दिले आहे.

या ग्रंथाकडे जिद्दीची कहाणी म्हणून पाहिले जाते. लेखिकेच्या नात्यातील दिग्दर्शिका शोनाली बोस यांच्या ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ या २०१४ सालच्या चित्रपटाची प्रेरणा म्हणूनही तो ओळखला जातो. दोन्ही ओळखी खऱ्या आहेत. परंतु दोन्हींमुळे ग्रंथातील एक महत्त्वाचा धागा नजरेआड होतो. जिद्दीच्या कथेत सारे श्रेय बोटाला जाते. प्रत्यक्षात बोटाने उमटवलेले अक्षर वाचण्यासाठी समोर कोणीतरी थांबलेले असावे लागते. ग्रंथात भेटणाऱ्या माणसांचे या दृष्टीने सरळ दोन गट पडतात. एक, लेखिका समोर असताना तिच्याबरोबरच्या व्यक्तीला ‘हिला काय हवे आहे’ असे विचारणारे. दुसरा, तिच्याकडे पाहून विचारणारे आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहणारे. शिक्षणाची आणि मैत्रीची जी दारे उघडली ती या दुसऱ्या गटातील माणसांमुळे. म्हणून हे आत्मकथन बोलणाऱ्या व्यक्तीइतकेच ऐकणाऱ्यांचेही दस्तऐवज ठरते.

मराठी वाचकाला येथे नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथे पायांतील बळ गेले, वाणी शाबूत राहिली. त्या वाणीच्या बळावर कोल्हापुरात संस्था उभी राहिली. अपंगत्वाविषयीच्या मराठी लेखनाची ओळख बव्हंशी अशा बोलक्या नायक-नायिकांमधून झालेली आहे. शब्दच अडलेल्या माणसाचा संघर्ष त्याहून वेगळ्या जातीचा असतो, कारण आपल्यावर अन्याय झाला हे सांगण्याचे साधनच त्याच्या हाती नसते.

ग्रंथाची शैली साधी, वाक्ये आटोपशीर. एका बोटाने लिहिणाऱ्याला पाल्हाळ परवडत नाही, हे तर खरेच. परंतु त्या आटोपशीरपणामुळे काही गोष्टी निसटल्याही आहेत. शिक्षक व उपचारतज्ज्ञ नेमके काय करीत, कोणता शब्द आधी शिकवीत, चूक झाली तर काय करीत, हा तपशील अभ्यासकाला हवा तेवढा मिळत नाही. दुसरी मर्यादा सामाजिक आहे. आईने संस्था काढणे, इंग्लंडला जाता येणे, घरात इंग्रजी असणे, हे सारे ज्या घरात नाही तेथे हा ग्रंथ उमेद देतो, मार्ग देत नाही. ही ग्रंथाची चूक नव्हे. मार्ग आखण्याचे काम शिक्षणशास्त्राचे आहे, आणि त्या शास्त्राने हा ग्रंथ पुरेसा गंभीरपणे वाचलेला दिसत नाही.

तक्त्यावर काय असते

अमेरिकन अभ्यासक जॅनिस लाइट यांनी १९८८ साली संप्रेषणाची चार प्रयोजने सांगितली : गरजा व इच्छा व्यक्त करणे, माहितीची देवाणघेवाण, सामाजिक जवळीक आणि सामाजिक शिष्टाचार. १९८९ साली त्यांनीच संप्रेषण-क्षमतेचे चार घटक मांडले : भाषिक, साधन हाताळण्याचे, सामाजिक आणि अडचणीतून वाट काढण्याचे कौशल्य. ही मांडणी आजही या क्षेत्राचा पाया मानली जाते. चारपैकी शेवटची दोन प्रयोजने ‘वन लिट्ल फिंगर’मध्ये सर्वाधिक जागा व्यापतात. मैत्रिणी हव्यात, कोणीतरी आवडावे आणि आपण कोणाला आवडावे, चार लोकांत आपल्यालाही विनोद करता यावा, राग व्यक्त करता यावा, ही भूक त्यात पानोपानी आहे. पाणी हवे, शौचास जायचे आहे, ही भाषा तेथे जवळजवळ नाही.

शाळांतून वापरात असलेला सर्वसाधारण चित्रतक्ता याच्या नेमका उलट असतो. पाणी, जेवण, शौच, झोप, दुखते, आई, घर. ही रुग्णशय्येची भाषा आहे, विद्यार्थ्याची नव्हे. या तक्त्यावर बोट ठेवून मुलाला तहान सांगता येते. ‘पुन्हा सांगा’, ‘हे असे का’, ‘मला पटत नाही’, ‘माझी पाळी’, ‘खोटे बोलतो आहे तो’, ‘गंमत केली’ यांपैकी काहीही सांगता येत नाही. मग काही महिन्यांनी मूल तक्ता वापरत नाही अशी तक्रार होते आणि दोष मुलाच्या आकलनावर ढकलला जातो. वास्तविक, तहान लागल्याचे मूल तक्त्याविनाही कसेबसे कळवू शकते. ज्यासाठी तक्ता खरोखर हवा होता तेच त्यावर नसते. दैनंदिन बोलण्याचा मोठा भाग काही शेकडा शब्दांतच पुन्हापुन्हा फिरतो आणि त्यांत नामांपेक्षा ‘हे’, ‘नाही’, ‘अजून’, ‘का’, ‘जा’, ‘दे’, ‘वेगळे’ यांसारखे शब्द अधिक असतात, ही बाब या क्षेत्रात सर्वमान्य आहे. अशा शब्दांची चित्रे काढणे अवघड म्हणून ते गाळले जातात. सोयीसाठी केलेल्या या गाळणीचा परिणाम मुलाच्या विचारावर होतो.

दुसरा दोष असा की, तक्ता मुलाला दिला जातो. शिक्षक स्वतः तो वापरत नाहीत. बोलणारे मूल पहिला शब्द उच्चारण्यापूर्वी वर्षभर इतरांचे बोलणे ऐकते. तक्त्याने बोलणाऱ्या मुलाला मात्र तक्त्याने बोलणारा एकही माणूस दिसत नाही. शिकवणाऱ्याने स्वतः बोलताना त्याच तक्त्यावर बोट ठेवत जावे, ही पद्धत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून शिक्षणात मांडली गेली आहे. तिला खर्च नाही. वर्गशिक्षकाने ‘आज आपण नदी बघणार’ असे म्हणताना ‘आज’ आणि ‘बघ’ या चित्रांवर बोट ठेवायचे, एवढेच. परंतु त्यासाठी तक्ता दप्तरात किंवा विशेष शिक्षकाच्या कपाटात न राहता वर्गात असावा लागतो.

थांबणे आणि हात

सामान्य बोलण्याचा वेग मिनिटाला साधारण दीडशे शब्दांचा. तक्त्याने अथवा यंत्राने बोलणाऱ्याचा वेग बहुधा पंधरा शब्दांच्या आत. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत आणि भरलेल्या वर्गात हा फरक शिक्षकाला अस्वस्थ करतो. म्हणून होय-नाही या उत्तरांचेच प्रश्न विचारले जातात किंवा मुलाचे अर्धे वाक्य शिक्षकच पूर्ण करतात. हेतू चांगला असतो, तरीही असे दहा वेळा झाले की मूल वाक्य सुरू करणेच सोडते.

या घाईचे टोक फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत दिसते. न बोलणाऱ्याचा हात किंवा मनगट सहायकाने धरायचे आणि अक्षरफलकावर अक्षरे निवडायची, अशी ती पद्धत. नियंत्रित चाचण्यांत, सहायकाला प्रश्न माहीत नसला की उत्तरेही येत नाहीत, असे पुन्हापुन्हा आढळले. म्हणजे शब्द नकळत सहायकाचेच होते. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने १९९० च्या दशकातच या पद्धतीविरुद्ध भूमिका घेतली आणि २०१८ साली ती अधिक कठोर केली. अक्षरफलक सहायकाने हाती धरण्याच्या रॅपिड प्रॉम्प्टिंग या पद्धतीबाबतही त्याच वर्षी सावधगिरीचा इशारा दिला. सहायकाची शरीरस्थितीला, बैठकीला, कोपराखालच्या आधाराला मदत असावी. शब्दाच्या निवडीला नसावी. मालिनी चिब यांच्या ग्रंथाचे शीर्षक या दृष्टीनेही अर्थपूर्ण आहे. ते एक बोट त्यांचे स्वतःचे आहे.

मराठीचा प्रश्न

येथवरचे विवेचन जगातील कोणत्याही शाळेला लागू पडेल. नागपूरच्या शाळेत मात्र आणखी एक प्रश्न उभा राहतो आणि त्याची दखल इंग्रजीतील विपुल साहित्यात मिळणे शक्य नाही.

चित्रतक्त्यांची रचना बहुतांशी इंग्रजी वाक्यक्रमावर बेतलेली असते : मी, हवे, पोळी. मराठीत कर्म क्रियापदाच्या आधी येते, हा फरक तक्त्यावरील रकाने हलवून मिटवता येईल. लिंग व विभक्ती यांचे काय? ‘मी पोळी खाल्ली’ आणि ‘मी आंबा खाल्ला’ यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांत कर्त्याप्रमाणे. एकाच चित्राला एकच ठरावीक उच्चार जोडलेला असेल तर एखादी मुलगी आयुष्यभर ‘मी जातो’ असेच म्हणत राहील. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेदही तसाच. गुरुजींना ‘तू’ म्हणणारे यंत्र मुलाला उद्धट ठरवते आणि मित्राला ‘तुम्ही’ म्हणणारे यंत्र हास्यास्पद करते. लाइट यांचे चौथे प्रयोजन, सामाजिक शिष्टाचार, मराठीत बऱ्याच अंशी या एका सर्वनामावर उभे आहे.

त्यापुढे बोलीचा प्रश्न येतो. नागपूरच्या घराघरांत ‘मला’ ऐवजी ‘मले’, ‘का’ ऐवजी ‘काहून’, ‘करतो आहे’ ऐवजी ‘करून राहिला’ असे बोलले जाते; मध्य प्रांताच्या काळापासून हिंदी शेजारी आहे आणि काही घरांत गोंडीही आहे. मूल जे ऐकत वाढले ते हे. तक्ता आणि यंत्र मात्र पुस्तकी मराठीत बोलतात. बोलणारे मूल शाळेत प्रमाण आणि मधल्या सुट्टीत बोली अशी दोन्ही वापरते. यंत्राने बोलणाऱ्या मुलाला फक्त शाळेची भाषा मिळाली तर मधल्या सुट्टीत ते परकेच राहणार. स्टीफन हॉकिंग यांचे यंत्र अमेरिकन उच्चारात बोलत असे आणि अधिक चांगले आवाज उपलब्ध झाल्यावरही त्यांनी तोच आवाज कायम ठेवला. पण ती त्यांची निवड होती. नागपूरच्या मुलासमोर अशी निवड ठेवलेली नसते.

ज्यांना अक्षरे येतात त्यांच्यासाठी अडचण वेगळी. संगणकाच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर ख, घ, थ, ध, भ ही महाप्राण अक्षरे, तसेच ण, ळ, श ही अक्षरे शिफ्टची कळ दाबून उमटतात. दोन कळा एकाच वेळी दाबणे एका बोटाने टंकन करणाऱ्याला अशक्य. संगणकात ‘स्टिकी कीज’ ही सोय सुरू केली की शिफ्ट आधी आणि अक्षर नंतर असे दाबता येते. ही सोय कित्येक वर्षे संगणकांत आहे, परंतु ती सुरू करून देणारा माणूस हवा. याउलट, नजरेने किंवा होकाराने अक्षर निवडणाऱ्यासाठी देवनागरी सोयीची ठरावी. वर्णमाला मुळातच वर्गांत लावलेली आहे : आधी क-वर्ग की च-वर्ग हे विचारायचे, मग त्यातील अक्षर, मग मात्रा. इंग्रजीत अशा निवडीसाठी अक्षरांच्या ओळी मुद्दाम पाडाव्या लागतात. मराठी मुलाला त्या ओळी बालवाडीतच पाठ झालेल्या असतात.

चित्रांची भाषा आणि तिचे मालक यांचा एक जुना दाखला येथे उपयोगी आहे. चार्ल्स ब्लिस याने १९४९ साली प्रसिद्ध केलेली चिन्हलिपी राष्ट्राराष्ट्रांत सामंजस्य निर्माण व्हावे म्हणून रचली होती. १९७१ पासून टोरंटोतील शर्ली मॅकनॉटन आणि त्यांच्या सहकारी शिक्षकांनी ती न बोलणाऱ्या मुलांना शिकवली, मुलांच्या गरजेप्रमाणे तिच्यात भर घातली, आणि मूळ निर्मात्याशी त्यांचा दीर्घ वाद झाला. निर्मात्याला लिपी शुद्ध हवी होती. शिक्षकांना मूल बोलते हवे होते. मराठी तक्त्यात ‘काहून’ घालावे की नाही हा वाद त्याच जातीचा आहे, आणि तो उपचारतज्ज्ञाने एकट्याने नव्हे, तर घरच्या माणसांना बरोबर घेऊन सोडवायचा आहे.

साधनांची उणीव पूर्वीइतकी राहिलेली नाही. चेन्नईत विकसित झालेले ‘आवाज’ आणि मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात तयार झालेले ‘जेलो’ ही उपयोजने भ्रमणध्वनीवर व टॅबवर चालतात. ‘जेलो’ विनामूल्य आहे आणि मराठीतही आहे. म्हणूनच साधन मिळाल्यावर प्रश्न सुटला असे समजण्याचा धोका वाढला आहे.

कायदा, परीक्षा आणि नोंदवही

१९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात सात प्रकारची अपंगत्वे होती. वाचादोषाला त्यांत स्वतंत्र स्थान नव्हते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने एकवीस प्रकार मान्य केले, वाचा व भाषा दिव्यांगत्व त्यांत घेतले, आणि ‘संप्रेषण’ या संज्ञेच्या व्याख्येतच पूरक व पर्यायी पद्धतींचा समावेश केला. कलम १७ अन्वये अशा पद्धतींना उत्तेजन देणे आणि समावेशक शिक्षणासाठी व्यावसायिकांना प्रशिक्षित करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या रजनीश कुमार पांडे प्रकरणातील निकालानंतर केंद्र शासनाने २०२२ साली प्राथमिक स्तरावर दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण अधिसूचित केले. कागद अशा रीतीने पुरा झाला आहे.

परीक्षेचा मंडप मात्र कायद्याच्या व्याख्येपर्यंत पोहोचलेला नाही. दिव्यांग विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो. परंतु लेखनिकाची सारी कल्पनाच विद्यार्थी तोंडाने उत्तर सांगेल या गृहीतावर उभी आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर तासाला किमान वीस मिनिटांचा वाढीव वेळ मिळतो. दीडशे शब्दांऐवजी पंधरा शब्दांच्या वेगाने लिहिणाऱ्याला वीस मिनिटे म्हणजे तीनशे शब्द, आणि तेही न थकता. शालान्त परीक्षेत भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेला गुण आहेत. यंत्राने बोलून दाखवलेले उत्तर किंवा तक्त्यावर बोट ठेवून दिलेले उत्तर ‘तोंडी’ मानायचे की नाही? कायद्याच्या व्याख्येप्रमाणे उत्तर ‘होय’ असेच यावे. परंतु परीक्षकासमोर ते सांगणारा कोणी नसेल तर ते गुण विद्यार्थ्याच्या खात्यातून मुकाट्याने वजा होतात.

हे सांगण्याचे काम ज्याच्याकडे असावे तो विशेष शिक्षक अनेकदा फिरता असतो, अनेक शाळा त्याच्याकडे असतात, आणि ज्या मुलाची नजर तो ओळखू लागतो ते मूल वर्ष सरताच दुसऱ्या वर्गात जाते किंवा शिक्षकच दुसऱ्या केंद्रावर जातो. अशा वेळी त्याच्याबरोबर मुलाची भाषाही जाते, कारण ती कोठेही लिहून ठेवलेली नसते. स्कॉटलंडमध्ये सॅली मिलर यांनी १९९० च्या दशकात प्रचारात आणलेली ‘संप्रेषण-पारपत्र’ ही एक साधी वही आहे, मुलाच्याच तोंडी लिहिलेली. नागपूरच्या एखाद्या शाळेत ती लिहायची झाल्यास पहिल्या पानावर फार काही लागणार नाही : मी वर पाहतो तेव्हा ‘हो’ म्हणतो, मान डावीकडे वळवतो तेव्हा ‘नाही’ म्हणतो, प्रश्न विचारल्यावर दहापर्यंत मोजा, मग पुन्हा विचारा, मला हिंदी समजते, माझ्या तक्त्याच्या शेवटच्या पानावर ‘काहून’ आहे, ते मी पुष्कळदा वापरतो, उत्तर येत असूनही हात थरथरतो, त्या वेळी हात धरू नका, कोपराखाली वही ठेवा.